पुढचं अर्धं, मागचं अर्धं

देल्फोर इरिबार्नेकडे जनावराचं पुढचं अर्धं होतं. मागचं अर्धं चौदा किलोमीटरवर मेदानो नेग्रोत, नाझारेनो ओचांदिओकडे. आणि मधल्या त्या चौदा किलोमीटरांच्या रस्त्यावर अकरा वर्षं दोघांपैकी कुणीही पाऊल टाकलं नव्हतं. अगदीच जावं लागलं तर हमरस्त्याने वळसा घालून जात, बावीस किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, पण दुसऱ्याच्या दारावरून नको.

जनावर म्हणजे साधंसुधं नव्हे. झाडाला उलटा लोंबणारा तो स्लॉथ असतो ना, त्याचा हा खापरपणजोबा. हत्तीएवढा, जमिनीवर चालणारा, मागच्या पायांवर उभं राहून झाडाचा शेंडा ओरबाडणारा. दहा हजार वर्षांपूर्वी संपला, आणि तेव्हापासून या किनाऱ्याच्या मातीत पडून आहे. कागदोपत्री त्याला लांबलचक लॅटिन नाव आहे, पण इकडे सगळे त्याला 'आळशी'च म्हणतात. समुद्र खवळून कडा ढासळला की एखादं हाड बाहेर डोकावतं, आणि मग जो आधी पाहील त्याचं नाव संग्रहालयाच्या पाटीवर लागतं. हाड सरकारचं, नाव मात्र पाहणाऱ्याचं. या नावापायीच सगळं झालं.

सांता रुफिनाचं नगरपालिका संग्रहालय देल्फोरच्या मांसाच्या दुकानामागे आहे. पाहुण्याला आधी टांगलेल्या गाईच्या मांड्यांखालून वाकून जावं लागतं, मग जुन्या शीतघरात आळशी उभा. देल्फोर चाळीस वर्षं खाटीक. मागचं अर्धं नव्हतं म्हणून त्याने ते स्वतःच्या हाताने प्लास्टरचं घडवलं, आणि हाताला जे ठाऊक तेच हाताने केलं. पुढून जनावर बघून मुलं रडायची आणि मागून ते दूध देईल असं वाटायचं.

तिकडे मेदानो नेग्रोत नाझारेनोनेही हात आखडता घेतला नव्हता. तो पवनचक्क्या दुरुस्त करणारा माणूस, लोहारकाम त्याच्या बोटांत. त्याने पुढचं अर्धं पवनचक्कीच्या पात्यांमधून वेल्डिंग करून बनवलं. आग्नेयेचा वारा सुटला की त्या जनावराचं डोकं शिट्टी वाजवायचं. शेजारच्या बाईंनी दोनदा नगरपालिकेत तक्रार केली होती.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हे दोघं जिवाभावाचे मित्र. तीन दिवसांचं वादळ झालं, आणि दोघांनी ठरवलं की रविवारी बरोबर जाऊन कडा बघायचा. रविवारी, बरोबर. शनिवारी पहाटे देल्फोर गुपचूप एकटाच गेला, उत्तरेकडून. त्याच पहाटे नाझारेनोही गुपचूप एकटाच गेला, दक्षिणेकडून. मधे कोर्तादेरासचा ओढा, आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये. सहा वाजता देल्फोरला जबडा दिसला. सहा वाजता नाझारेनोला मांडीचं हाड दिसलं. दोघांनी त्याच दिवशी राजधानीच्या संग्रहालयाला कळवलं, की जनावर मी पाहिलंय.

तिथून एक म्हातारे साहेब आले. गुडघे दुखत होते, त्यामुळे ते कड्यावर चढले नाहीत. खालूनच पाहून त्यांनी निकाल दिला: जनावर एकच, पाण्याने दोन ठिकाणी नेलंय. ओढ्याच्या या बाजूचं सांता रुफिनाला, त्या बाजूचं मेदानो नेग्रोला. आधी कुणी पाहिलं हे मात्र त्यांनी देल्फोरच्या नावावर लिहिलं, कारण जेवणाला देल्फोरच्या घरी होते. पुढे ते वारले, म्हणजे विचारायलाही कुणी उरलं नाही.

"चोर!" असं नाझारेनो म्हणाला. "तूच चोर!" असं देल्फोर म्हणाला. कराराचा भंग दोघांनीही केला होता, त्यामुळे दोघांचाही राग अगदी खरा होता.

आता यंदाची गोष्ट. मार्चमध्ये देल्फोर शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. सहा महिन्यांपासून त्याच्या नजरेच्या मधोमध भाकरीवर करपल्यासारखा डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, नेमकं जिथे बघावं तिथलंच दिसायचं नाही. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं की हा डाग वाढत जाणार, उपाय नाही, हिवाळा संपेपर्यंत, म्हणजे इकडे ऑगस्टपर्यंत, फार काही उरणार नाही.

"मोठ्या वस्तू दिसतील?" देल्फोरने विचारलं.

"किती मोठ्या?"

"सहा मीटर."

डॉक्टर म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.

देल्फोरला एकच गोष्ट बघायची होती. चाळीस वर्षांत त्याने हाताने हाडं काढली, धुतली, चिकटवली, प्लास्टरमध्ये गुंडाळलेली गाठोडी पाठीवर वाहिली. पण अख्खं जनावर, खऱ्या चारही पायांनिशी उभं, त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. राजधानीत आहे म्हणे एक, पण ते दुसऱ्याचं. त्याला आपलं बघायचं होतं. दुकान एव्हाना त्याची बायको एदेल्मिरा चालवत होती. सुरा तिच्या हातात आल्यापासून गिऱ्हाईक वाढलं होतं, तेही तो निमूटपणे सोसत होता.

"मग जा त्याच्याकडे," एदेल्मिरा म्हणाली. "पाय धर त्याचे."

"पायच तर आणायचेत."

"विनोद करू नकोस. चल, मी गाडी काढते."

अकरा वर्षांनी ती गाडी सरळ रस्त्याने गेली. नाझारेनो कारखान्यात पाईप जोडत होता. त्याने तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली, देल्फोरला ओळखलं, काच पुन्हा खाली घेतली, आणि राहिलेला सांधा पुरा करूनच उठला.

"काय रे, वाट चुकलास?"

"चुकलो असतो तर बरं झालं असतं."

"आणि माझ्या कानाशी काय बोलतोयस? तोंड इकडे आहे."

"तोंडाकडे बघितलं की तोंड दिसत नाही. कानाकडे बघितलं की दिसतं. डोळे गेलेत माझे, नाझारेनो. हिवाळा संपेपर्यंत पार जाणार."

नाझारेनोने हातमोजे काढले. पुन्हा घातले. "मला कुणी बोललं नाही," तो म्हणाला.

"तुला कोण बोलणार? तुझ्याशी बोलणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मग देल्फोरने मागणं सांगितलं. मागचं अर्धं दे, एकदा जोडू, एकदा उभं करू, मला बघू दे, मग तुझं तू घेऊन जा. नाझारेनोने ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं होतं हे स्पष्ट दिसत होतं, म्हणजे एदेल्मिराला दिसत होतं. पण वाईट वाटलं म्हणून अकरा वर्षांचं मढं एका दिवसात कोण पुरतो?

"देतो," तो म्हणाला. "पण रविवारी क्लबात आसादो आहे, गावासाठी मांस भाजायचंय. निखाऱ्यावर तू उभा राहायचं. आणि टाळ्या झाल्या की सगळ्यांसमोर सांगायचं, की जनावर आधी नाझारेनोने पाहिलं."

"ते खोटं आहे."

"मग बस पुढचंच अर्धं बघत."

देल्फोर परतीच्या वाटेवर मनातल्या मनात तोलत होता. त्याने गिऱ्हाइकाला हाडासकट तोलून दिलं असेल, पण खोट्या काट्याने कधी तोललं नव्हतं. सहा वाजता त्याने जबडा पाहिला होता. घड्याळ बघितलं होतं. ते सहा वाजणं त्याने अकरा वर्षं उराशी धरलं होतं, आणि आता तेच चारचौघांत ओकून टाकायचं. पण डोळ्यांपुढे डाग होताच, आणि डागाला खरंखोटं कळत नव्हतं.

रविवारी मेदानो नेग्रोच्या क्लबात त्याने पाच तास मांस भाजलं. दिसत नव्हतं तरी त्याचं काही अडलं नाही. निखारा किती आहे ते तळहाताला कळतं आणि मांस कुठवर आलंय ते वासाला. जेवणं झाली. रिवाजाप्रमाणे कुणीतरी ओरडलं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाजणाऱ्याने टोपी काढून दोन शब्द बोलायचे असतात. देल्फोरने टोपी काढली.

"ते जनावर," तो म्हणाला, "आधी नाझारेनोने पाहिलं होतं. मी नाही."



"कुठलं जनावर?" टेबलाच्या टोकाकडून एकाने विचारलं.

"अरे तो आळशी. शिट्टी वाजवणारा."

"अच्छा. आतडी उरलीत का थोडी?"

आतडी उरली होती. ती वाढण्यात आली. अकरा वर्षं ज्या गोष्टीवरून दोन गावांत दोन घरं एकमेकांना मेली होती, त्या गोष्टीचं पन्नास माणसांत एवढंच झालं. नाझारेनोचा चेहरा लाल झाला होता. त्याने मनातल्या मनात ही घटका हजारदा पाहिली असणार आणि एकाही वेळी तिच्यात आतडी नव्हती. तो देल्फोरजवळ येऊन उभा राहिला. "सोमवारी ट्रक आणतो," एवढंच म्हणाला, आणि काटा घेऊन निखारे उगाचच सारखे करू लागला.

राजधानीच्या संग्रहालयात आता डॉक्टर बेलोकी बाई होत्या. फोनवर त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. लोखंडी सांगाडा करा, हाडं त्यावर टेकवा. एकाही हाडाला भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, घासायचं नाही. जिथे बसत नसेल तिथे बसवायचं नाही, मला कळवायचं. मी शनिवारी येऊन बघेन आणि सही करेन. हाडाला इजा झाली तर ज्याने केली त्याचं नाव सहायकांच्या यादीतून कायमचं जाईल, पुन्हा किनाऱ्यावर हाडाला हात लावायचा नाही.

"बाई, चाळीस वर्षं करतोय," देल्फोर म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या.

ओढ्याकाठी रेल्वेचं एक बंद पडलेलं गोदाम आहे. ते आपल्या हद्दीत नाही असं दोन्ही नगरपालिका म्हणतात, त्यामुळे भांडणाला जागा नव्हती. सोमवारपासून दोघं तिथे कामाला लागले. पहिल्या दिवशी फक्त मापं बोलले. "सत्तर." "सत्तर." "वर." "अजून वर." दुसऱ्या दिवशी नाझारेनोने भोपळ्याच्या पेल्यात कडू माते, म्हणजे इकडचा चहा, भरून स्वतः प्यायला, पुन्हा भरला आणि न बोलता पुढे केला. देल्फोरने न बोलता घेतला. अकरा वर्षांत नाझारेनोचं पाणी जास्तच कढत झालं होतं, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. तिसऱ्या दिवशी नाझारेनोने पुढच्या अर्ध्याकडे बघून विचारलं, "ते गाईचं ढुंगण कुठे गेलं?" देल्फोर म्हणाला, "तुझ्या शिट्टीजवळ ठेवलंय. सुखाने नांदतायत." दोघंही हसले नाहीत, पण त्या दिवशी काम भराभर झालं.

गुरुवारी कणा जोडायचा होता. पुढच्या अर्ध्याचा शेवटचा मणका आणि मागच्या अर्ध्याचा पहिला मणका. देल्फोरने दोन्ही मांडीवर घेतले आणि तोंडाला तोंड लावलं.

गाईचे दोन शेजारचे मणके असे बसतात की डबा आणि त्याचंच झाकण. देल्फोरने आयुष्यात हजारो कणे सोडवले होते. आंधळा झाला असता तरी हे त्याला कळलं असतं, आणि तो जवळजवळ झालाच होता. हे मणके बसेनात. डुगडुगत होते. मागचा मणका बोटभर जास्त रुंद होता. त्याने फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, अंगठ्याने कडा चाचपली. पुढच्या मणक्याची कड अजून पुरती जुळलेली नव्हती, कोवळ्या जनावराची असते तशी. मागचा मणका म्हाताऱ्याचा, झिजलेला, गाठाळ. दुकानात कुणी हे दोन तुकडे एकाच गाईचे म्हणून विकायला ठेवले असते, तर देल्फोरने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

एक जनावर नव्हतं. दोन होती.

 दोन जनावरं म्हणजे धुक्यात त्याने एक पाहिलं आणि नाझारेनोने दुसरं. म्हणजे अकरा वर्षं हा माणूस खरं बोलत होता. आणि मीही खरं बोलत होतो. आणि रविवारी क्लबात टोपी काढून मी जे बोललो, तेवढंच काय ते खोटं.

सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण सांगितलं की बाईंना कळवावं लागणार. कळवलं की बाई म्हणणार, दोन जनावरं एका सांगाड्यावर चढवायची नाहीत. मग परवानगी, नवी पत्रं, नव्या सह्या, वसंत ऋतू. देल्फोरजवळ वसंत ऋतू नव्हता. त्याच्याजवळ हा हिवाळा होता, आणि तोही अर्धा करपलेला.

"बसतंय का?" नाझारेनोने विचारलं.

"बसेल," देल्फोर म्हणाला.

एक वाजला. जेवण झालं. या मुलखात एक ते चार माणूस मरतसुद्धा नाही, वामकुक्षी घेतो. नाझारेनो गोणपाटावर आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली आणि घोरू लागला. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. देल्फोर उठला, नाझारेनोच्या पेटीत हात घातला आणि चाचपून मोठी कानस काढली.

कड घासायला वीस मिनिटं लागली. पांढरी भुकटी त्याच्या पॅन्टवर पडत होती आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. चाळीस वर्षांत त्याने हाडावर ओरखडा उठू दिला नव्हता, दात घासायच्या ब्रशने माती काढली होती. आणि आता हे. मधे एकदा नाझारेनोचं घोरणं थांबलं. देल्फोरची कानसही थांबली. मग घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि कानसही सुरू झाली. शेवटी मणका मणक्यावर बसला. देल्फोरने भुकटी फुंकली, कडेला ओली माती चोळली आणि कानस पेटीत ठेवली.

शुक्रवारी दुपारी जनावर उभं राहिलं.

एदेल्मिरा दुकान बंद करून आली होती. नाझारेनोने शेवटची खीळ आवळली, शिडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बघ." गोदामाचं मोठं दार उघडं होतं, उजेड सरळ आत येत होता. आळशी मागच्या दोन पायांवर उभा होता, शेपटीवर रेललेला, पुढचे दोन पंजे छपराच्या तुळयांपर्यंत. देल्फोरने मान वळवली आणि नाझारेनोकडे टक लावून पाहू लागला.

"अरे माझ्याकडे काय बघतोयस? तिकडे बघ ना!"

"तिकडेच बघतोय. तू हलू नकोस. तुझ्या नाकावर नजर ठेवली की अख्खा दिसतोय, पंजापासून शेपटीपर्यंत. हललास तर ठार मारीन."

नाझारेनो हलला नाही. चांगला पाव तास तो माणूस नाकावर माशी बसली तरी तसाच उभा राहिला. देल्फोरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. त्याला इतका आनंद झाला होता की त्या आनंदात कानस बुडून जावी. ती बुडाली नाही, वर तरंगत राहिली.

शनिवारी दोन्ही गावांतून साठ-सत्तर माणसं आली. क्लबात ज्याने आतडी मागितली होती तोही आला आणि म्हणाला, "हे असं होतं होय! मग भांडण ठीकच आहे." डॉक्टर बेलोकी अकराला आल्या. ठेंगण्या, रबरी बूट घातलेल्या बाई. कुणाशी हात मिळवण्याआधी त्या जनावराभोवती दोनदा फिरल्या. मग शिडी मागितली. वर चढून त्यांनी बॅटरी लावली आणि पाठीच्या मधोमध थांबल्या. बराच वेळ थांबल्या. ओला फडका मागितला आणि माती पुसली.

"ही कानस कुणी चालवली?" वरूनच त्यांनी विचारलं.

  देल्फोर तोंड उघडणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"मी," नाझारेनो म्हणाला. "कानस माझी. पेटीत आहे, बघा."

देल्फोरला क्षणभर वाटलं, आपले कानही गेले. "काय बडबडतोस!" तो ओरडला. "बाई, हा झोपला होता. मी घासलं."

"झोपलो नव्हतो. मी घासलं."

"घोरत होतास!"

"तू लाजून मधेच सोडशील म्हणून घोरत होतो!" एवढं बोलून नाझारेनोला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. लोक हसायला लागले.

"म्हणजे मी घासलं," देल्फोर म्हणाला.

"म्हणजे काही नाही! कानस लोहाराची असते, खाटकाची नव्हे. बाई, याला तर सरळ रेघ मारता येत नाही."

"बाई, ओरखडा बघा. आडवा आहे ना? खाटकाचा हात आडवा चालतो. लोहार उभी कानस मारतो. विचारा कुणालाही."

बाईंनी ओरखडा पाहिला. "आडवा आहे," त्या म्हणाल्या. मग शिडीवरून उतरल्या, हात पुसले, आणि शाळेत सांगावं तशा सांगू लागल्या. हे एक जनावर नाही. पुढचं तरुण आहे, मागचं म्हातारं. एकाच पुरात वाहून आली असतील, एकमेकांपासून चाळीस पावलांवर पडली. आमच्या साहेबांनी वर चढून पाहायला हवं होतं. "किंवा," बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघांनी गेल्या अकरा वर्षांत कुठल्याही दिवशी हे दोन मणके शेजारी ठेवायला हवे होते. अर्ध्या तासाचं काम होतं."

अर्ध्या तासाचं. देल्फोर खाली बघत राहिला. त्याला ते गुरुवारपासून ठाऊक होतं. नाझारेनोला मात्र ते आत्ताच कळत होतं. त्याने टोपी काढली, टोपीच्या आत बघितलं, पुन्हा घातली.

"म्हणजे क्लबात तू खोटं बोललास," तो म्हणाला.

"तूच बोलायला लावलंस."

"मला काय ठाऊक! मला वाटलं होतं, तू अकरा वर्षं खोटं बोलतोयस आणि त्या दिवशी एकदा खरं बोलशील."

"मला एकच नाव हवंय," बाई म्हणाल्या. त्यांनी फाईल उघडली होती. "हाडाला इजा झालीय. यादीतून एक नाव काढावं लागेल."

"माझं काढा," देल्फोर म्हणाला. "मला दिसत नाही, बाई. मी यादीत असलो काय आणि नसलो काय, सारखंच. त्याला डोळे आहेत. त्याला जाऊ द्या किनाऱ्यावर."

"जाऊन काय करू?" नाझारेनो एवढ्या मोठ्याने ओरडला की मागची माणसं पुढे सरकली. "अकरा वर्षं एकटा जातोय मी! प्रत्येक वादळानंतर! विचारा काय सापडलं. शिंपला सापडला नाही! एकाने कडा बघायचा असतो, एकाने लाटा बघायच्या असतात, एकटा माणूस काय बघणार? मान मोडली माझी मागे वळून वळून!"

देल्फोर त्याच्या कानाकडे बघत उभा होता, म्हणजे तोंडाकडे.

"मलाही नाही सापडलं," तो म्हणाला. "काहीच. एदेल्मिराला सांगायचो, समुद्र आटलाय."

 बाईंनी थोडा वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं. मग म्हणाल्या की सांगाडा उतरवायला त्यांच्याकडे या हिवाळ्यात माणसं नाहीत, सप्टेंबरपर्यंत तरी नाहीत, तोवर जनावरं आहेत तशीच राहू देत, मात्र पाटीवर दोन असं लिहायचं. हे बोलताना त्या देल्फोरकडे बघत नव्हत्या, जनावराकडे बघत होत्या. त्यांच्याबरोबर आलेला ड्रायव्हर म्हणाला, माणसं तर आहेत की. बाई म्हणाल्या, नाहीत.

"आणि अहवालात दोन्ही नावं घालते," त्या म्हणाल्या. "दोघंही कबूल आहात, माझा इलाज नाही. दोघांनाही यापुढे हाडाला हात लावता येणार नाही. दिसलं तर कळवायचं, बस. किनाऱ्यावर फिरायला मात्र कुणाची बंदी नाही." त्यांनी कागद शिडीच्या पायरीवर टेकवला. "आधी कुणाचं नाव लिहू?"

 दोन्ही गावांना ठाऊक होतं की बाईंनी भलत्याच ठिकाणी हात घातलाय.  एदेल्मिराने देल्फोरची बाही धरली.

"त्याचं लिहा, बाई," देल्फोर म्हणाला. "त्याला हौस आहे."

बाईंनी लिहिलं. नाझारेनो त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आडनाव नीट लिहितात की नाही ते.